शस्त्र आणि काचपट्टी

घरांतील एखाद्या स्त्रीच्या पोटांत गांठ निघते, तिच्यावर शस्त्रक्रिया होते, आणि त्यानंतर कांहीं दिवस सारें घर एका कागदाची वाट पाहत बसतें. काढलेला भाग ‘तपासणीला’ गेलेला असतो. कागद येतो तेव्हां त्यावर अवघ्या दोन-चार ओळी असतात. परंतु कोणाचें मातृत्व आणि कोणाचें आयुष्य त्या ओळींवर टांगलेलें असतें. त्या लिहिणारा डोळा कसा तयार होतो, हा प्रश्न मात्र फारसा कोणाच्या मनांत येत नाहीं. स्त्रीरोग व प्रसूति यांच्या विकृतिशास्त्राचें शिक्षण तरुण वैद्यांस कसें मिळूं लागलें, त्यानें काय साधलें आणि काय साधावयाचें राहून गेलें, हें आम्ही या लेखांत पाहणार आहों.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत गर्भाशयाच्या कर्करोगाचें निदान वैद्य बोटानें आणि नुसत्या डोळ्यानें करीत असत. व्रण कठीण लागला, रक्त फार गेलें, दुर्गंधी आली, कीं रोग ओळखिला. आणि तोंपर्यंत उपायाची वेळ बहुधा निघून गेलेली असे. त्या शतकाच्या आठव्या दशकांत बर्लिन येथें कार्ल रूगे आणि योहान फाइट या दोघांनीं संशयित जागेचा लहानसा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखालीं पाहण्याची पद्धति पाडली. कल्पना मोठी खरी. पण तिच्यांतून एक नवीनच अडचण उभी राहिली. ज्याच्या हातीं शस्त्र होतें त्याला काचपट्टी वाचतां येत नव्हती, आणि ज्याला काचपट्टी वाचतां येत होती त्यानें ती स्त्री कधीं पाहिलेलीच नसे. हें अंतर मिटविण्याचा मोठा प्रयत्न अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं झाला.

तेथें 1889 सालीं जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय उघडलें. विकृतिशास्त्र वेल्च यांजकडे, वैद्यक ऑस्लर यांजकडे, शस्त्रक्रिया हॉल्स्टेड यांजकडे आणि स्त्रीरोगविभाग हॉवर्ड केली यांजकडे आला. केली त्या वेळीं अवघे एकतीस वर्षांचे होते. पदवी घेतलेल्या तरुणांनीं कित्येक वर्षें रुग्णालयांतच राहावयाचें आणि हळूहळू वाढती जबाबदारी अंगावर घेत गुरूपाशीं तयार व्हावयाचें, ही रीति येथें दृढ झाली. ‘निवासी वैद्य’ हें नांव त्या राहण्यावरूनच पडलें. आपल्याकडील जुन्या गुरुकुलाची आठवण वाचकांस झाली तर त्यांत नवल नाहीं. भेद इतकाच कीं येथें समिधांच्या जागीं रात्रीबेरात्रीं येणारे रुग्ण होते. रुग्णालयास जोडलेलें वैद्यकीय विद्यालय 1893 सालीं सुरू झालें. मेरी गॅरेट या बाईंनीं त्यासाठीं तीन लाखांहून अधिक डॉलर दिले, ते मुलींना मुलांच्या बरोबरीनें प्रवेश मिळावा या अटीवर. पहिल्या अठरा विद्यार्थ्यांत तीन स्त्रिया होत्या.

याच संस्थेंत 1891 सालीं टॉमस कलन नांवाचा एक कानडा देशांतील तरुण वैद्य आला. केली यांचें शस्त्रकौशल्य पाहून तो शस्त्र शिकण्यास आला होता. पण त्याचें पाऊल आधीं पडलें तें वेल्च यांच्या प्रयोगशाळेंत. पुढें जर्मनींत गॉटिंगेन येथें ऑर्थ यांच्याजवळ त्यानें अभ्यास केला, आणि परतल्यावर स्त्रीरोगविभागाची विकृतिशास्त्राची प्रयोगशाळा त्याच्या हातीं आली. या प्रयोगशाळेचें वैशिष्ट्य असें कीं, ती शस्त्रक्रिया करणाऱ्या विभागाच्या अंगींच जडलेली होती. सकाळीं मेजावर जें काढलें, तें दुपारीं त्याच लोकांनीं कापून पाहावें, असा तिचा हेतु होता.

वेळेचा प्रश्न मात्र उरला होता. अशी हकीकत सांगतात कीं, 1891 सालीं हॉल्स्टेड यांच्या एका शस्त्रक्रियेच्या वेळीं वेल्च यांनीं स्तनांतील गांठीचा तुकडा गोठवून तपासण्याचा यत्न केला. परंतु उत्तर येण्यापूर्वींच शस्त्रक्रिया आटोपली होती. कलन यांनीं 1895 सालीं फॉर्मॅलिनचा उपयोग करून गोठविलेल्या तुकड्याचे टिकाऊ काप थोड्या वेळांत करण्याची रीति प्रसिद्ध केली. गर्भाशयाच्या कर्करोगावरील त्यांचा मोठा ग्रंथ 1900 सालीं निघाला.

कोणी म्हणेल, वाचणारा वेगळा आणि कापणारा वेगळा असला तर बिघडलें काय? याचें उत्तर व्हिएन्ना येथील एका शोधांत आहे. गर्भाशयाचें अस्तर दर महिन्यास बदलत असतें, हें तेथील हिट्श्मान व आड्लर यांनीं 1908 सालीं स्पष्ट करून दाखविलें. त्यापूर्वीं या स्वाभाविक बदलांपैकीं कित्येकांस अस्तराचा दाह समजत असत, आणि नसलेल्या रोगासाठीं निरोगी बायकांचें गर्भाशय खरवडलें जात असे. पाळीच्या कोणत्या दिवशीं तुकडा काढला हें ठाऊक नसेल तर काचपट्टी खोटें बोलते. तो दिवस जिला विचारावयाचा ती खाटेवर असते, प्रयोगशाळेंत नसते. प्रसूतीच्या बाबतींतही तेंच आहे. वारेच्या पेशींपासून उठणारा एक अतिघातक रोग कोठून येतो, हें मार्कंट यांनीं 1895 सालीं दाखविलें. पण तो ओळखावयाचा तर मागील गर्भारपणाची हकीकत हातीं असावी लागते.

या विद्येचा दुसरा मोठा गुरु बर्लिनचा रॉबर्ट मायर. देशोदेशींचे वैद्य त्याच्यापाशीं शिकत. तो ज्यू वंशाचा असल्यामुळें हिटलरच्या राज्यांत त्यास थारा उरला नाहीं, आणि 1939 सालीं, पंचाहत्तरीच्या सुमारास, त्याला मायभूमि सोडून अमेरिकेंतील मिनेसोटा प्रांतीं जावें लागलें. पुढल्याच वर्षीं, 1940 सालीं, बाल्टिमोरचे एमिल नोव्हॅक यांनीं स्त्रीरोग व प्रसूति यांच्या विकृतिशास्त्रावर ग्रंथ लिहिला. तो शिकणाऱ्या वैद्यांच्या कित्येक पिढ्यांनीं वापरिला.

येथवरची कथा विजयाची आहे. पण याच रुग्णालयांत 1951 सालीं जें घडलें तें सांगितल्यावांचून ती खरी होणार नाहीं. हेन्रिएटा लॅक्स ही तीस वर्षांची, पांच मुलांची काळी स्त्री गर्भाशयाच्या मुखाशीं गांठ घेऊन तेथें आली. तुकडा तपासला गेला, कर्करोग ठरला. रेडियमचा उपचार करतेवेळीं तिच्या गांठीचा आणखी एक तुकडा काढून संशोधनासाठीं जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेंत धाडण्यांत आला. तिला कोणी विचारिलें नाहीं. ऑक्टोबर महिन्यांत ती वारली. पण तिच्या पेशी काचपात्रांत वाढतच राहिल्या, जगभर गेल्या, आणि पोलिओच्या लशीच्या परीक्षेपासून असंख्य शोधांस कारण झाल्या. तिच्या घरच्यांस वीसएक वर्षें याचा पत्ताही नव्हता. 1971 सालीं हॉपकिन्सच्याच वैद्यांनीं, तिला प्रथम तपासणाऱ्या डॉक्टर जोन्स यांच्यासह, जुन्या काचपट्ट्या पुन्हां पाहून सांगितलें कीं, मूळ निदानांत कर्करोगाचा प्रकार चुकला होता. तो ग्रंथिपेशींचा होता.

या एका काचपट्टींत दोन धडे आहेत. जपून ठेविलेली काच वीस वर्षांनींही तज्ज्ञाची चूक दाखवूं शकते, आणि ती चूक उघडपणें छापण्याचें धैर्य शिकलेल्या माणसांत असूं शकतें. हा विद्येचा गौरव होय. दुसरा धडा कडू आहे. शस्त्र आणि काचपट्टी यांची गांठ ज्यांनीं इतक्या कष्टानें घातली, त्यांच्याच घरीं त्या काचेमागील स्त्रीशीं असलेला धागा निसटला. पेशींस नांव मिळालें, स्त्रीचें नांव हरवलें. तिच्या पेशींच्या जनुकीय माहितीच्या वापराबाबत अमेरिकेच्या आरोग्यसंस्थांनीं तिच्या वंशजांशीं विचारविनिमय करून करार केला, तो 2013 सालीं.

आज ही विद्या इतकी वाढली आहे कीं, ती स्वतंत्र तज्ज्ञांच्या हातीं जाणें अटळच होतें. त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. परंतु जो तरुण वैद्य उद्यां गर्भाशय काढावयाचें कीं राखावयाचें हें ठरविणार, त्यानें आपण काढलेला तुकडा एकदां तरी त्या तज्ज्ञाशेजारीं बसून स्वतः पाहिला पाहिजे. आणि पाहून झाल्यावर त्यानें पुन्हां खाटेपाशीं जावें, त्या दोन-चार ओळींचा अर्थ त्या बाईस तिच्या भाषेंत सांगावा, आणि पुढें काय करावयाचें तें तिला विचारावें. शिक्षणाचा हा शेवटचा भाग कोणत्याही प्रयोगशाळेंत होत नाहीं; पण त्यावांचून पहिले सर्व भाग अपुरेच राहतात, असें आम्हांस वाटतें.