टॉवरची भीती आणि सातचा भोंगा

मी बी.टेक. झालेला, सॉफ्टवेअरवाला माणूस. सध्या घरून काम, म्हणून हा भाग बीड जिल्ह्यातल्या नारायणगडाच्या परिसरातून रेकॉर्ड करतोय. नगद नारायण महाराजांचं हे ठिकाण, लोक याला धाकटी पंढरी म्हणतात. इथे पारावर बसलं की एक वाक्य हमखास कानावर येतं: "टॉवर आल्यापासून डोकं दुखतंय." कुणाची झोप गेली, कुणाच्या हाताला मुंग्या येतात. ही भीती आली कुठून, ते आज बघू.

भारतातला पहिला मोबाईल कॉल 31 जुलै 1995 चा. कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना केला. तेव्हा इनकमिंगलाही पैसे लागायचे, त्यामुळे बोलणं मोजून मापून. 2003 मध्ये इनकमिंग फुकट झालं, फोन घरोघरी गेला आणि पाठोपाठ टॉवर गच्चीवर आले.

भीतीला जोर चढला तो मुंबईत. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक गिरीश कुमार यांनी डिसेंबर 2010 मध्ये टॉवरच्या लहरींवर दूरसंचार विभागाला अहवाल दिला. अभिनेत्री जुही चावला यांनीही घराजवळच्या अँटेनांविरुद्ध आवाज उठवला. त्यातच 31 मे 2011 ला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या लहरींना '2बी' गटात टाकलं. म्हणजे 'कदाचित कर्करोगकारक'. बातमीत 'कर्करोगकारक' उरलं आणि 'कदाचित' गळून पडलं. याच गटात आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्याही आहेत, हे कुणी सांगितलंच नाही.

सरकारने मात्र दखल घेतली. 1 सप्टेंबर 2012 पासून टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. हँडसेटसाठी शरीरात शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेची मर्यादा किलोमागे 1.6 वॅट ठरली.

आता डोकेदुखीचं काय? लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी 2005 मध्ये असे 31 प्रयोग एकत्र तपासले. त्यात 725 माणसं होती, सगळी 'मला लहरींचा त्रास होतो' म्हणणारी. लहरी खऱ्या चालू आहेत की बंद, हे त्यांना सांगितलेलं नव्हतं. बहुतेकांना ते ओळखता आलं नाही, आणि लहरी बंद असतानाही त्रास झालाच. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने दोन गोष्टी एकत्र मांडल्या: लक्षणं खरी आहेत, पण त्यांचा लहरींशी संबंध दाखवणारा शास्त्रीय आधार नाही. पुढे 2024 मध्ये याच संघटनेने करवून घेतलेल्या 63 अभ्यासांच्या आढाव्यात मोबाईल आणि मेंदूचा कर्करोग यांत संबंध आढळला नाही.

यातलं 'लक्षणं खरी आहेत' हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, आणि तेच आपण विसरतो. एक बाजू म्हणते टॉवर पाडा, दुसरी म्हणते तुमच्या मनाचे खेळ आहेत. दोन्हींत दुखणाऱ्या माणसाकडे बघायचं राहून जातं. मान 60 अंश खाली घातली की मणक्यावर साधारण 27 किलोचा भार येतो, असं अमेरिकी शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी 2014 मध्ये गणित मांडलं. स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे होतात. रात्री रील्स बघत एक वाजला तर सकाळी डोकं धरणारच. आणि हाताच्या मुंग्या? त्या मनगटाची नस दबल्याने येतील, नाहीतर साखरेने, नाहीतर बी-12 कमी झाल्याने. टॉवरला दोष देऊन मोकळं झालं, तर साखर तपासायची राहून जाते. खरा धोका हा आहे.

एक तांत्रिक गंमतही ऐका. टॉवर लांब असला, रेंजची एकच काडी असली, की टॉवरपर्यंत पोचायला फोन स्वतःची ताकद वाढवतो. म्हणजे टॉवर हटवला तर कानाजवळच्या लहरी उलट वाढतात.

आपल्याकडे यावर बरा मार्ग काढला तो सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने. 15 ऑगस्ट 2022 पासून तिथे संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला. टीव्ही, मोबाईल बंद. साडेआठला दुसरा भोंगा, मग चालू. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्शी गावाने अठराच्या आतल्या मुलांना मोबाईलबंदीच ठरवली. बंदी कितपत टिकते याबद्दल मला शंका आहे. पण वडगावच्या भोंग्यात एक शहाणपण आहे: त्यांनी लहरी मोजल्या नाहीत, वेळ मोजला.

तेव्हा मंडळी, तुमच्या काकू "टॉवरमुळे मुंग्या येतात" म्हणाल्या, तर हसू नका आणि मान पण डोलावू नका. त्यांना दवाखान्यात न्या, साखर तपासा. आणि हा भाग कानाने ऐकत असाल, तर स्क्रीन बंद ठेवूनही ऐकता येतो. भेटू पुढच्या भागात. राम कृष्ण हरी.