मास्तर तुरुंगात, शाळा सुरू

आजचा एपिसोड शाळेच्या वेळापत्रकासारखा आहे. तीन तास: इतिहास, नागरिकशास्त्र आणि कायदा. गोष्ट मात्र एकच, पुण्यातल्या एका हायस्कूलच्या दोन मास्तरांची.

पहिला तास, इतिहास.

1 जानेवारी 1880 ला पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. सुरू करणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी. थोड्या काळाने आगरकरही आले. टिळक, आगरकर दोघंही तेव्हा 23 वर्षांचे. म्हणजे आपण पहिल्या नोकरीत अप्रेझलची वाट बघत असतो, त्या वयाचे! जानेवारी 1881 मध्ये याच मंडळींनी दोन वर्तमानपत्रं काढली, मराठीत ‘केसरी’ आणि इंग्रजीत ‘मराठा’.

त्या वेळी कोल्हापूरच्या तरुण महाराजांना, चौथ्या शिवाजींना, वेडं ठरवून त्यांचा छळ होतोय अशी चर्चा पुण्यात होती. संशय दिवाण बर्व्यांवर. बर्व्यांची म्हणून सांगितली जाणारी काही पत्रंही फिरत होती. त्यांच्या भरवशावर दोन्ही पत्रांनी बर्व्यांवर तोफ डागली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि कोर्टात कळलं की पत्रं बनावट आहेत. दोघांनी माफी मागितली, पण खटला थांबला नाही. जुलै 1882 मध्ये चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात ते 101 दिवस होते. आगरकरांनी त्या दिवसांवर पुढे एक पुस्तकच लिहिलं.

दुसरा तास, नागरिकशास्त्र.

आमच्या वेळी नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाची मागची पानं. अर्धा वर्ग ती ऑप्शनला टाकायचा. ‘संस्था म्हणजे काय?’ याची व्याख्या पाठ केली की दोन मार्क पक्के.

पण 1882 चं न्यू इंग्लिश स्कूल बघा. मार्चमध्ये चिपळूणकर वारले, वय फक्त 31. जुलैमध्ये दोन शिक्षक तुरुंगात गेले. तरी शाळा बंद पडली नाही. वामन शिवराम आपटे, म्हणजे आपल्या संस्कृत डिक्शनरीवाले आपटे, आणि बाकीचे सहकारी होते. वर्ग चालू राहिले. 1884 मध्ये त्यातूनच डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि 1885 मध्ये फर्ग्युसन कॉलेज उभं राहिलं. माणसं नसतानाही जे चालतं, ती संस्था. ही व्याख्या आपल्या पुस्तकात असती तर लक्षात राहिली असती.

अजून एक. या दोघांच्या जामिनासाठी धावून आले जोतीराव फुले. त्यांच्या शब्दावर रामशेठ उरवणे जामीन राहिले. फुले आणि टिळक यांचे विचार किती वेगळे होते, हे सांगायला नको. मत पटत नाही म्हणून समोरच्याला एकटं पाडायचं नाही, हेही नागरिकशास्त्रच.

तिसरा तास, कायदा.

1860 च्या भारतीय दंड संहितेत कलम 499 होतं, अब्रुनुकसानीचं. त्यातला पहिला अपवाद महत्त्वाचा. गोष्ट खरी असेल आणि ती सांगण्यात लोकांचं हित असेल, तर गुन्हा नाही. नीट ऐका, दोन्ही अटी आहेत. टिळक-आगरकरांचा हेतू लोकहिताचाच होता. पण पुरावाच खोटा निघाला, मग हेतू कितीही चांगला असो, उपयोग शून्य.

आणि इथे गोष्ट टोचते. 25 डिसेंबर 1883 ला, अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलेलं असताना, एका गोऱ्या पहारेकऱ्याशी झटापट झाली आणि त्यानंतर महाराज वारले. म्हणजे महाराजांबद्दलची काळजी काही हवेतली नव्हती. प्रश्न खरा होता, पत्रं खोटी होती. खोट्या पुराव्याने खऱ्या प्रश्नाचंच नुकसान झालं. चर्चा महाराजांवरून घसरली आणि पत्रांवर आली.

टिळक स्वतः एलएलबी होते. 1890 मध्ये सोसायटीतून बाहेर पडल्यावर त्यांच्या घरखर्चाला आधार होता तो कायद्याच्या क्लासचा. वकिलीच्या परीक्षेला बसणारी मुलं तिथे शिकायची. कोर्टाचा पिंजरा आतून पाहिलेला मास्तर! असा शिक्षक किती जणांना मिळतो?

1 जुलै 2024 पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आलीय. कलम 499 आता 356 झालंय, पण तो अपवाद तसाच आहे. फरक एवढाच, की तेव्हा छापखाना मोजक्यांकडे होता, आज तो प्रत्येकाच्या खिशात आहे. ‘मी फक्त फॉरवर्ड केलं’ एवढं म्हणून कोर्टात आपोआप सुटका होत नाही.

आमच्या धंद्यात इनपुट तपासल्याशिवाय कोड लाइव्ह करत नाहीत. ज्या गोष्टीसाठी तुमचा जीव खरंच तुटतो, तिच्याबद्दलचा स्क्रीनशॉट तर दोनदा तपासा. कारण तो खोटा निघाला, तर हरणार आहे तीच गोष्ट.

घंटा झाली! पुढच्या एपिसोडमध्ये भेटू.