बाराव्या स्थानानंतर

नालासोपाऱ्यात राहणारा माझा भाचा अॅनिमे दीडपट वेगाने बघतो. परवा त्याचं आवडतं पात्र मेलं, तर मान वर करून म्हणाला, "मामू, काहीच वाटलं नाही." म्हटलं, वाटायला वेळ दिलास कुठे?

या वेळ देण्यालाही इतिहास आहे. १९६८च्या सुमारास जपानच्या 'शोनेन मॅगझीन' साप्ताहिकात 'आशिता नो जो' ही बॉक्सरची चित्रकथा सुरू झाली. नायक जो, त्याचा प्रतिस्पर्धी रिकिइशी. जो ज्या वजनगटात लढतो त्यात उतरता यावं म्हणून रिकिइशी उपाशी राहतो, शेवटी पाणीही सोडतो. तहानेने वेडापिसा होऊन नळाकडे जातो, तर नळ तारेने आवळून ठेवलेले. वाचकांना हे एका बैठकीत मिळालं नाही, दर आठवड्याला थोडं थोडं मिळालं. सामना रिकिइशी जिंकतो आणि जोसमोर हात पुढे करतानाच कोसळतो. २४ मार्च १९७० रोजी, कवी-नाटककार शुजी तेरायामांच्या पुढाकाराने, कोदान्शा या प्रकाशनसंस्थेत त्याचा अंत्यविधी झाला. सुमारे ७०० माणसं आली. कागदावरच्या माणसासाठी!

पुढच्याच महिन्यात या कथेचं अॅनिमे सुरू झालं. त्याचा दिग्दर्शक ओसामु देझाकी पुढे एका खास युक्तीसाठी ओळखला गेला: ऐन प्रसंगात हलतं चित्र थांबवायचं आणि जागी रंगवलेलं स्थिर चित्र ठेवायचं. टीव्हीच्या अॅनिमेत स्थिर चित्रं आधी आली ती खर्च वाचवायला. याने त्यांना शोक करायला लावलं.

ते तारेने आवळलेले नळ वाचताना मला मोहरमचे वाज आठवले. सातव्या तारखेला पाणी तोडलं जातं, शहादत दहाव्या दिवशी. शेवट लहान पोरांनाही पाठ असायचा, तरी मौलवीसाहेब कधी घाई करत नसत.

आणि आमच्या वसईत क्रूसाची वाट आहेच. चौदा स्थानं, प्रत्येकापाशी थांबायचं. ही संख्या पोप क्लेमेंट बारावे यांनी १७३१ मध्ये कायम केली. त्यानंतर आठच वर्षांनी पोर्तुगीजांची वसई मराठ्यांकडे गेली, पण वाट राहिली. कॅथलिक मित्राबरोबर मी एकदा चाललो होतो. येशूचा मृत्यू बाराव्या स्थानावर येतो. मला वाटलं, झालं. मित्र म्हणाला, "थांब, अजून दोन आहेत." देह खाली उतरवणं आणि कबर.

२०२१च्या एप्रिलमध्ये अब्बा गेले. आम्ही चौघं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला देह, अर्ध्या तासात दफन. चेहरा बघता आला नाही. ती दोन स्थानं माझ्याकडून राहूनच गेली.

भाच्याला तो भाग पुन्हा लावायला सांगितला, साध्या वेगाने. तो कुरकुरला, पण लावला. मी शेजारी बसलो.