प्रकाशा

प्रकाशा हे महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील एक प्राचीन गाव व तीर्थक्षेत्र आहे. सातपुड्यातून येणारी गोमाई नदी येथे तापीला मिळते. स्थानिक परंपरेत पुलिंदा ही तिसरी नदी धरून हा त्रिवेणी संगम मानला जातो. खानदेशात हे गाव 'दक्षिण काशी' या नावाने ओळखले जाते. मात्र प्रकाशाचे महत्त्व केवळ तीर्थ म्हणून नाही. येथील नदीकाठच्या टेकाडात साडेतीन हजार वर्षांहून जुन्या वस्तीचे अवशेष सापडले आहेत.

उत्खनन

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याचे बी. के. थापर यांनी १९५५ साली येथे उत्खनन केले. हेच थापर पुढे राजस्थानातील कालीबंगन येथील हडप्पाकालीन उत्खननात सहभागी होते व नंतर खात्याचे महासंचालक झाले. प्रकाशा येथील थरांची विभागणी त्यांनी चार कालखंडांत केली. पहिला कालखंड ताम्रपाषाणयुगाचा असून तो साधारणपणे इ.स.पू. १७०० ते १३०० असा मानला जातो. या थरांत गारगोटीसारख्या दगडांची लहान पाती व रंगवलेली मृद्भांडी मिळाली. त्यानंतर वस्तीत खंड पडला. दुसऱ्या कालखंडात लोखंडाचा वापर दिसतो, तर उरलेले दोन कालखंड ऐतिहासिक काळातील आहेत.

या उत्खननाचे खरे मोल खापरांत आहे. सर्वांत खालच्या थरांत माळव्याच्या धाटणीची भांडी आढळली. त्यांच्या वरच्या थरांत प्रवरा खोऱ्यातील जोर्वे या गावावरून नाव पडलेली जोर्वे पद्धतीची भांडी आहेत, आणि गुजरातेतील ताम्रपाषाणयुगीन स्थळांवर मिळणारी चकचकीत तांबडी भांडीही आहेत. दुसऱ्या कालखंडातील उत्तरेकडची झिलईदार काळी भांडी गंगेच्या खोऱ्याशी असलेला संबंध सुचवतात. माळवा, दख्खन आणि गुजरात या तीन प्रदेशांचे धागे एकाच टेकाडात सापडावेत, हे तापीच्या खोऱ्याच्या भूगोलाला धरूनच आहे. उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस सह्याद्रीचे फाटे यांच्यामधून पूर्व-पश्चिम जाणारी ही सखल पट्टी पुरातन काळापासून वाहतुकीचा मार्ग राहिली आहे. सुरत-भुसावळ लोहमार्गही याच खोऱ्यातून जातो.

मंदिरे व यात्रा

केदारेश्वर हे येथील प्रमुख मंदिर आहे. काशी विश्वेश्वर, संगमेश्वर, पुष्पदंतेश्वर व गौतमेश्वर ही इतर शिवस्थाने होत. 'शिवमहिम्न' स्तोत्राचा कर्ता मानला जाणारा गंधर्व पुष्पदंत याच्याशी पुष्पदंतेश्वराचा संबंध जोडला जातो. काशीची यात्रा केलेल्याने प्रकाशाचे दर्शन घेतल्यावरच ती पूर्ण होते, अशी परिसरात श्रद्धा आहे. केदारेश्वर आणि विश्वेश्वर ही दोन्ही नावे काशीतही आहेत, हे या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे.

गुरू सिंह राशीत प्रवेश करतो तेव्हा, म्हणजे दर १२ वर्षांनी, गौतमेश्वराची सिंहस्थ यात्रा भरते. नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील सिंहस्थही याच काळात असतो. प्रकाशाची यात्रा मात्र खानदेशाबाहेर फारशी परिचित नाही. महाशिवरात्रीला व श्रावणातील सोमवारी येथे गर्दी असते. तापी ही सूर्यकन्या मानली जाते. आषाढ शुद्ध सप्तमीला तिचा जन्मोत्सव होतो. गंगेचे स्नान, नर्मदेचे दर्शन आणि तापीचे केवळ स्मरण पुण्यप्रद असते, असा समज रूढ आहे. यांखेरीज वर्षभर अस्थिविसर्जन व दशक्रिया विधींसाठी आसपासच्या तालुक्यांतून लोक संगमावर येतात. उत्सव नसलेल्या दिवशीही घाटावर वर्दळ असते, ती बहुधा यामुळेच.

तापी नदी

मध्य प्रदेशातील मुलताई येथे उगम पावणारी तापी सुमारे ७२४ किमी वाहत जाऊन सुरतेजवळ अरबी समुद्रास मिळते. नंदुरबार जिल्ह्यात तिच्यावर सारंगखेडा व प्रकाशा असे दोन बॅरेज आहेत. पावसाळ्यात वरच्या भागातून पाणी आले की त्यांचे दरवाजे उघडले जातात. अशा वेळी काठावरील गावांना सतर्कतेचा इशारा दिला जातो. तेव्हा घाटावर उतरणे धोक्याचे असते. काळ्या जमिनीच्या या पट्ट्यात केळी, पपई, ऊस व कापूस ही पिके घेतली जातात.

कसे जावे

जवळचे मोठे रेल्वे स्थानक नंदुरबार असून तेथून व शहाद्याहून रस्त्याने प्रकाशाला येता येते. खानदेशातील उन्हाळा कडक असल्याने पावसाळ्यानंतरचे व हिवाळ्याचे महिने सोयीचे आहेत. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास आल्यास तापीकाठीच वरच्या बाजूस असलेल्या सारंगखेडा येथील दत्तजयंतीची यात्राही पाहता येते. घोड्यांच्या बाजारासाठी ती प्रसिद्ध असून त्यासाठी परराज्यांतूनही व्यापारी येतात.

मंदिरे पाहण्यास अर्धा दिवस पुरतो. टेकाडाकडे जाणाऱ्याने मात्र उत्खननाची वरील माहिती आधी वाचलेली बरी, कारण वरून पाहता ते साध्या मातीच्या उंचवट्यापेक्षा फारसे वेगळे वाटत नाही. तेथील खापरे व दगडी पाती उचलून नेऊ नयेत. एखादी वस्तू कोणत्या थरातील हे कळले तरच तिचा काळ ठरवता येतो, आणि जागेवरून हललेले खापर अभ्यासकाच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी होते.