व्हॉल्व्हवरील नांव आणि त्याचें कूळ

पुण्याच्या मंगळवार पेठेंत बुधवारीं व रविवारीं जो जुना बाजार भरत आला आहे, तेथें एका सकाळीं मीं रेडिओचा एक व्हॉल्व्ह विकत घेतला. आमच्या घरीं आजोबांच्या वेळचा रेडिओ आहे. पुणें केंद्र १९५३ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालें आणि १९५५ च्या एप्रिलपासून तेथून गीतरामायण ऐकूं येऊं लागलें, तेव्हां शेजारचीं माणसें ज्याच्यापुढें सतरंजीवर येऊन बसत, तोच हा. अलीकडे त्याचा आवाज बसला होता. कर्ण्यास जोर पुरविणारा ईएल ८४ नांवाचा व्हॉल्व्ह त्यांत निकामी झाला होता. विक्रेत्यानें फडक्यांत गुंडाळलेला एक नग पुढें केला. कांचेवर टेलिफुंकेन हें जर्मन नांव छापलेलें होतें. त्या एका नांवापायीं मीं साध्या व्हॉल्व्हच्या चौपट दाम मोजले, आणि घरीं येऊन भिंग लावतांच माझ्या चोखंदळपणाचें दिवाळें वाजलें.

टेलिफुंकेनच्या स्वतःच्या कारखान्यांत झालेल्या अशा लहान व्हॉल्व्हच्या बुडाशीं, पायांच्या मधोमध, कांचेंतच दाबून उठविलेली एक चौकट असते, पत्त्यांतील चौकटीसारखी. माझ्या व्हॉल्व्हचें बूड कोरें होतें. उलट कांचेच्या खालच्या कडेला, रंगानें छापलेलीं नव्हत तर कांचेवर कोरलेलीं, अशीं करड्या अक्षरांचीं दोन बारीक ओळी दिसल्या. वरच्या ओळींत ‘आर एक्स’ आणि एक आंकडा. खालीं ‘बी ६ एफ २’.

ही फिलिप्सच्या कारखान्यांची सांकेतिक लिपि होय. वरची ओळ व्हॉल्व्हची जात सांगते. ‘आर एक्स’ म्हणजे ईएल ८४, आणि पुढील आंकडा रचनेंत केव्हां बदल झाला तें दर्शवितो. खालच्या ओळींतील पहिलें अक्षर कारखान्याचें. ‘बी’ म्हणजे इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यांतलें ब्लॅकबर्न, जेथें मुलार्ड कंपनीचा मोठा कारखाना होता. ‘६’ हा वर्षाचा शेवटचा आंकडा, ‘एफ’ म्हणजे सहावा महिना जून, आणि ‘२’ म्हणजे त्या महिन्याचा दुसरा आठवडा. वर्ष १९५६ कीं १९६६, हें मात्र ती ओळ एकटी सांगत नाहीं. त्यासाठीं वरच्या ओळीचा आंकडा व आंतली रचना पाहावी लागते. तात्पर्य, मीं जर्मन नांवाचे पैसे दिले आणि इंग्रजी माल घरीं आणला! येथें विक्रेत्यावर रागावण्याची घाई करूं नये. टेलिफुंकेननेंहि इतरांचे व्हॉल्व्ह आपल्या शिक्क्यानें विकलेले आहेत. तेव्हां माझ्या व्हॉल्व्हवरील ठसा खुद्द कंपनीचा कीं मागाहून कोणी उमटविलेला, हें केवळ रंगावरून ठरत नाहीं.

असे उसने शिक्के आले कोठून? कांचेंतील हवा काढून, तापलेल्या तारेंतून सुटणारे विद्युत्कण आंत खेळविणें ही विद्या फ्लेमिंगनें १९०४ सालीं इंग्लंडांत दाखविली आणि दोनच वर्षांनीं अमेरिकेंत द फॉरेस्टनें तींत तिसरें अंग घातलें. पुढें जाती इतक्या वाढल्या कीं, प्रत्येक जातीचीं निराळीं यंत्रें व सांचे बसविणें कोणाहि एका कंपनीस परवडेना. पण ग्राहकास तर सर्व जाती एकाच नांवाखालीं पाहिजेत. मग आपल्याकडे नाहीं तो नग दुसऱ्याकडून घ्यावयाचा व त्यावर आपलें नांव उमटवावयाचें. एकाच गिरणीचें धोतर दहा दुकानांच्या शिक्क्यांनीं विकलें जावें, तसाच हा प्रकार. मुलार्ड १९२० सालीं निघाली आणि १९२७ पर्यंत ती सर्वस्वीं फिलिप्सची झाली होती. हॉलंडांतील हेर्लेन, जर्मनींतील हँबुर्गची वाल्वो, अमेरिकेंतील अँपेरेक्स हीं सारीं पुढें त्याच कुटुंबांतलीं. हेर्लेनचा व्हॉल्व्ह न्यूयॉर्कला अँपेरेक्स ह्या नांवानें विकला गेला, तरी त्याच्या पायथ्याशीं कोरलेला लहानसा त्रिकोण आपलें जन्मगांव लपवीत नाहीं.

अमेरिकन मालाची रीत वेगळी. तेथें प्रत्येक कारखान्यास एक आंकडा ठरवून दिलेला असे: आर.सी.ए.चा २७४, सिल्व्हेनियाचा ३१२, जनरल इलेक्ट्रिकचा १८८, टंगसोलचा ३२२. रेडिओ बनविणाऱ्या एखाद्या कंपनीचें नांव ठळक असावें आणि कोपऱ्यांत ३१२ असावें, म्हणजे खरा कर्ता सिल्व्हेनिया. दुसऱ्या महायुद्धांतील लष्करी व्हॉल्व्ह तर याहून प्रामाणिक. ‘जान सी एच एस’ असें लिहिलें असेल तर तो सिल्व्हेनियाचा, ‘सी आर सी’ असेल तर आर.सी.ए.चा. सरकारला शिक्क्याच्या शोभेशीं कर्तव्य नव्हतें. माल बिघडल्यास धरावें कोणाला, एवढेंच त्याला पाहिजे होतें.

कोरीव अक्षरें नसलीं तर आंतला सांगाडा वाचावा. धन पट्टी गुळगुळीत आहे कीं तिच्यावर कंगोरे आहेत, उरलासुरला वायु शोषून घेणाऱ्या बेरियमची कडी वाटोळी आहे कीं चौकोनी, आधाराच्या सळ्या किती, हें पाहावें. पुसून गेलेला छाप दिसत नसेल तर कांचेवर तोंडाची वाफ सोडावी. रंग गेला तरी त्याची सावली पुष्कळदां क्षणभर उमटते.

ह्या वाफेनेंच मला एकदां फार अस्वस्थ केलें. बुधवार पेठेंतील विजेच्या सामानाच्या गल्ल्यांतून फिरतांना एक ‘परदेशी’ ईसीसी ८३ मिळाला. त्यावरील ताजा छाप बोटानें निघाला; वाफ सोडतांच खालून ‘बी.ई.एल.’ हीं अक्षरें वर आलीं. १९५४ सालीं स्थापन झालेल्या बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनें फिलिप्सच्या सहकार्यानें १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनविले. ह्याच संस्थेचा विभाग १९७९ सालीं पुण्यास निघाला, तोहि निर्वात नळ्यांच्याच एका पुढच्या पिढीसाठीं, म्हणजे अंधारांत पाहण्याच्या उपकरणांतील नळ्यांसाठीं. परदेशी नांवानें चार पैसे अधिक मिळतात म्हणून कोणीतरी आपल्याच देशांतील कारागिरांचें नांव घासून पुसलें. परक्याचें नांव परक्यावर चढणें हा व्यापार म्हणून सोडून देतां येईल. ही खोड मला व्यापाराहून हलकी वाटते. आणि गिऱ्हाईक म्हणून तिला उत्तेजन देणारा मीच, हेंहि येथें कबूल केलें पाहिजे. तो व्हॉल्व्ह मीं पुसून, तपासून वापरावयास घेतला, अजून चालतो.

आतां त्या पहिल्या विक्रेत्याकडे वळतों. पुढच्या बुधवारीं मीं त्याला भिंग दाखवून सारा प्रकार सांगितला. तो म्हणाला, “काका, मग पैसे परत पाहिजेत का?” मीं नको म्हटलें, कारण ब्लॅकबर्नचा ईएल ८४ जाणत्यांत मानाचा आहे आणि रेडिओ उत्तम वाजत होता. दुसरा असेल तर दाखव, इतकेंच बोललों. त्यानें पत्र्याच्या डब्यांतून तीन व्हॉल्व्ह काढले आणि मला देण्यापूर्वीं एकेकाचें बूड उन्हाकडे धरून आधीं स्वतः पाहिलें.