सूर आणि वेग

गेल्या दिवाळीत नरक चतुर्दशीच्या पहाटे आमच्या अंगणात पहिला धूर निघाला तो फटाक्यांचा नव्हे, मोटारीचा! गाडी ताईची, म्हणजे खरे तर आमच्या कै. भाऊजींची, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली जुनी फियाट. भाच्याने रात्रभर जागून तिच्यात अ‍ॅम्प्लिफायर आणि डिकीत दोन भलेमोठे स्पीकर बसवले होते. बॅटरीपासून मागपर्यंत त्याने तार ओढली, पण बॅटरीजवळ फ्यूज घालायचा राहिला. पत्र्याच्या भोकाच्या धारेवर तारेचे आवरण कापले गेले आणि अंगाला तेल चोपडलेल्या अवस्थेत आम्ही सारे बॅटरीची तार सोडवायला धावलो. आग लागली नाही, हे नशीब. ताई रागावली नाही. तिने एवढेच विचारले, "ह्यांचा रेडिओ कुठं काढून ठेवलास रे?"

चिरंजीव खजील झाले. पण तासाभरातच, चकली खाता खाता, "मामा, पुढच्या वर्षी टर्बो बसवणार आहे," म्हणाले. तेव्हा मी त्याला या दोन वस्तूंची जन्मकथा सांगितली. तीच आज वाचकांपुढे ठेवतो.

मोटारीत गाणे आणण्याची हौस मोटारीला ज्वलनाच्या भीतीइतकीच जुनी आहे. १९३० साली अमेरिकेत मंदीचा कहर चालू होता. शिकागोत पॉल गॅल्व्हिन नावाचा उद्योजक आपला छोटा कारखाना कसाबसा तगवून होता. घरगुती रेडिओ विकणारे पुष्कळ होते; मोटारीत बसवण्याजोगा आणि सामान्यांना परवडणारा रेडिओ मात्र दुर्मिळ होता. अडचणीही थोड्या नव्हत्या. इंजिनातल्या प्रत्येक ठिणगीबरोबर रेडिओत कडकड उमटे. ती दाबायला निराळी साधने लावावी लागत. मोटारीची बॅटरी अवघ्या काही व्होल्टांची, तर त्या काळच्या काचेच्या व्हॉल्व्हना लागे शंभराहून अधिक. शिवाय खड्ड्यांचे धक्के होतेच. असे सांगतात की, गॅल्व्हिनने कर्ज मिळावे म्हणून एका बँकवाल्याच्या गाडीत रेडिओ बसवून दिला आणि अर्ध्या तासात त्या गाडीने पेट घेतला! आख्यायिका असेलही, पण ती ऐकून भाच्याचा चेहरा पुष्कळ खुलला.

गॅल्व्हिनने हार मानली नाही. त्याच वर्षी अटलांटिक सिटीत रेडिओ उत्पादकांचे संमेलन भरले. आत दुकान मांडायला पैसे नव्हते, म्हणून त्याने आपली स्टुडबेकर बाहेरच उभी केली आणि आतला रेडिओ मोठ्याने लावला. येणारेजाणारे थबकू लागले, मागण्या येऊ लागल्या. 'मोटोरोला' हे नाव त्या रेडिओचे. पुढे कंपनीचेही तेच झाले. पुढे व्हॉल्व्हची जागा ट्रान्झिस्टरने घेतली. १९५६ साली क्रायस्लरने गाडीत चक्क तबकडीयंत्र बसवून पाहिले. मग फिती आल्या, कॅसेट आली. आपल्याकडे तर रेडिओला टपाल कचेरीचा परवाना काढावा लागे. भाऊजींचे ते परवान्याचे पुस्तक अजून गाडीच्या खणात होते.

टर्बोची कुळकथा याहूनही जुनी. स्वित्झर्लंडमधील विंटरथूर गावचा आल्फ्रेड ब्यूखी हा इंजिनियर. इंधनातल्या उष्णतेचा मोठा हिस्सा धुराबरोबर फुकट जातो, हे त्याला सलत होते. त्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरवावे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने इंजिनात जास्त हवा कोंबावी, ही त्याची युक्ती. हवा अधिक, म्हणून जाळता येणारे इंधन अधिक, म्हणून शक्ती अधिक. १९०५ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. परंतु ही कल्पना यशस्वीपणे उतरायला वीस वर्षे लागली.

दरम्यान १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने एक विमानाचे इंजिन पाइक्स पीक या १४,००० फुटांहून उंच डोंगराच्या माथ्यावर नेले. तिथली विरळ हवा इंजिनाचा दम घोटते. पण टर्बो जोडताच ते समुद्रसपाटीवरल्यासारखे धडधडू लागले.

घरगुती मोटारीत टर्बो आला तो १९६२ साली, आणि इथेच खरी गोष्ट आहे. दाबलेली हवा तापते. तापलेल्या हवेत पेट्रोल वेळेआधीच भडकते. इंजिनात ठोके पडू लागतात आणि पिस्टन फुटूही शकतो. शेवरोलेने कॉर्व्हेअर स्पायडरमध्ये इंजिनाचा मूळ दाबच कमी ठेवला. ओल्ड्समोबिलने जेटफायर गाडीत दाब कायम ठेवला आणि इंजिन थंड राखण्यासाठी पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण फवारण्याची सोय केली. त्याची टाकी मालकाने वेळोवेळी भरायची. पुष्कळ मालकांनी ती भरली नाही. टाकी रिकामी झाली की यंत्र आपोआप टर्बोचा जोर रोखून धरी, आणि मग लोक गाडी मंदावल्याची तक्रार करीत. दोन वर्षांत जेटफायर बंद पडली. यंत्राने मागितलेली थोडीशी काळजी माणसाने दिली नाही, एवढाच तिचा अपराध! १९७३ साली आलेल्या बीएमडब्ल्यूच्या २००२ टर्बोच्या नशिबी तेलटंचाई आली; तीही फार दिवस निघाली नाही. पुढे साबसारख्या कंपन्यांनी टर्बोला रोजच्या वापराला साजेसे वळण लावले, आणि आज साध्या कुटुंबाच्या गाडीतही तो मुकाट्याने काम करतो.

"मग आपल्या फियाटला लावला तर?" भाच्याचा प्रश्न.

मी म्हटले, "बाबा रे, १०८९ सीसीचे ते म्हातारे इंजिन. त्याला टर्बो म्हणजे आजोबांना शर्यतीत पळवणे. आधी पिस्टन बदल, इंधनाचे गणित बदल, हवा थंड करायची सोय कर, ब्रेक सुधार. आणि इतके करून कायदा आहेच." १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने मालकाच्या मनमानी फेरफारांना आळा घातला आहे, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. रस्त्यावर आपल्याबरोबर दुसऱ्याचीही लेकरे असतात, हेच त्यामागचे कारण.

तो गप्प झाला. दुपारी पाहतो तर पठ्ठ्या बोनेट उघडून बसलेला. नवी तार, तिला बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज, पत्र्याच्या भोकात रबराचे कडे. डिकीतले स्पीकर एकावर आले होते. आणि डॅशबोर्डमध्ये, मूळच्या जागी, भाऊजींचा तो दोन बटणांचा रेडिओ.

पाडव्याला ताई पुढच्या सीटवर बसली. तिने स्वतःच बटण फिरवले. बराच वेळ नुसती खरखर झाली, मग कुठलेसे एक स्टेशन लागले. ती म्हणाली, "हे असंच कमी आवाजात लावायचे." भाच्याने गाडी फाटकाबाहेर काढली, अगदी हळू.