डोक्यावरचे उंचवटे आणि बोटांवरच्या रेघा

(पोस्ट लांबलचक आहे. ज्यांच्या घरात शाळेत जाणारं मूल आहे त्यांनी तरी सवडीने शेवटपर्यंत वाचावी.)

१८३३ साली मध्य भारतातल्या सागरहून सात कवट्या स्कॉटलंडमधल्या एडिंबरोला पाठवल्या गेल्या. फाशी दिलेल्या ठगांच्या कवट्या. पाठवणारा हेन्री स्प्राय नावाचा कंपनी सरकारचा डॉक्टर आणि घेणारी तिथली फ्रेनॉलॉजिकल सोसायटी. फ्रेनॉलॉजी म्हणजे कवटीवरचे उंचवटे-खळगे चाचपून माणसाचा स्वभाव सांगायचं तेव्हाचं 'शास्त्र'. त्यांच्या नकाशात कानाच्या वर 'विध्वंसा'चं ठिकाण होतं. ज्यांनी वाटसरूंचे गळे रुमालाने आवळले त्यांच्या कानावर भलामोठा टेंगूळ असणार, हे उघडच नाही का? पण मोजल्यावर तो काही तसा ठळक निघेना. मग काय झालं? शास्त्र खोटं ठरलं? छे! इतर भागांच्या मापांची गोळाबेरीज करून, बालपणीच्या संगतीचा मुलामा देऊन हिशोब जुळवला गेला.

त्याच वर्षी सप्टेंबरात राजा राममोहन रॉय इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला वारले. त्यांच्या डोक्याचा साचा घेतला गेला. दुसऱ्या वर्षी याच मंडळींच्या नियतकालिकात त्यांच्या मेंदूच्या 'विकासा'वर लेख आला आणि मापं त्यांच्या थोरवीशी छान जुळली. जुळणारच. माणूस कोण हे आधी ठाऊक होतं, डोकं नंतर मोजलं. ठग असो की राजा, उत्तर आधी लिहायचं आणि गणित मागाहून मांडायचं, ही ती पद्धत.

मी अठ्ठावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. आता निवृत्त आहे. हा दोनशे वर्षांपूर्वीचा इतिहास आज उगाळतोय, कारण हेच दुकान पाटी बदलून आमच्या तालुक्याच्या गावात आलंय. त्याकडे येतोच. पण आधी ज्याने हे सुरू केलं त्या माणसाला न्याय द्यायला हवा.

फ्रान्झ योसेफ गॉल. व्हिएन्नातला डॉक्टर. भोंदू अजिबात नव्हता. मेंदूचं विच्छेदन करण्यात त्या काळी त्याचा हात धरणारे फार थोडे. मेंदूतला पांढरा भाग हा धाग्यांचा, म्हणजे जोडण्यांचा आहे हे त्याने नीट दाखवलं. मन हृदयात नाही, मेंदूत आहे, आणि मेंदूचे वेगवेगळे भाग वेगवेगळी कामं करतात, हे तो ठणकावून सांगत होता. आत्म्याचे असे तुकडे पाडणं धर्माविरुद्ध आहे म्हणून सम्राटाने त्याच्या व्याख्यानांवर बंदी घातली, शेवटी तो पॅरिसला जाऊन राहिला. त्याने एकूण सत्तावीस शक्ती मानल्या होत्या, त्यातल्या एकोणीस माणसात आणि प्राण्यांत सारख्या. आपला मेंदू आणि जनावराचा मेंदू एकाच घडणीचा आहे, हे १८०० च्या सुमाराला म्हणायला छाती लागत होती.

चुकलं ते पुढच्या पायरीवर. शाळेत असताना त्याला दिसलं होतं की पाठांतर चांगलं असलेल्या मुलांचे डोळे बटबटीत असतात. त्यावरून त्याने ठरवलं की जी शक्ती जास्त तो भाग मोठा, आणि तो मोठा झाला की वरची कवटीही फुगते. हे शेवटचं धादांत खोटं आहे. कवटीची जाडी ठिकठिकाणी वेगळी असते, बाहेरच्या टेंगळाखाली आत टेंगूळ असेलच असं नाही. मूळ कल्पना अर्धी बरोबर आणि तपासणी पूर्ण चूक. अशी जोडी फार धोक्याची असते, कारण तिला हुशार माणसंही फसतात.

गॉलला उत्तर दिलं पॅरिसच्याच पिएर फ्लुरांसने, १८२० च्या दशकात. त्याने कबुतरं, ससे अशा प्राण्यांच्या मेंदूचे भाग काढून काय बिघडतं ते पाहिलं. हे क्रूर होतं, त्यावर पांघरूण घालत नाही. लहान मेंदू काढला तर प्राणी हलायचा, पण झिंगल्यासारखा, तोल जायचा. मेंदूच्या देठातल्या एका नेमक्या जागी इजा केली की श्वास थांबायचा, खेळ खलास. गंमत म्हणजे मोठ्या मेंदूत मात्र विभाग नाहीतच, तो सगळा मिळून एकच काम करतो, असं म्हणून फ्लुरांसही अर्धा चुकला!

इथे जरा थांबून मेंदू दाखवतो, म्हणजे पुढचं कळेल. मी वर्गात दरवर्षी बोकडाचा मेंदू न्यायचो. मटणाच्या दुकानातला भेजा. दुकानदाराला आधी सांगून ठेवावं लागतं, नाहीतर तो सत्तूर घालून दोन फाका करतो. दोन-तीन दिवस फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचा, एरवी हाताला घट्ट दह्यासारखा लागतो. वरून दिसतात अक्रोडासारखे वळ्या-वळ्यांचे दोन अर्धगोल. हा मोठा मेंदू, पुस्तकातलं प्रमस्तिष्क. मागे बारीक घड्यांचा, कोबी कापल्यावर दिसतो तसा गड्डा, तो लहान मेंदू, अनुमस्तिष्क. खाली देठ, तो पाठीच्या कण्यात उतरतो. त्यातलं मस्तिष्कपुच्छ श्वास आणि हृदयाचे ठोके सांभाळतं. आता लहान मेंदू अंगठ्याने हळूच मागे वाकवा. मोठ्या आणि लहान मेंदूच्या मधल्या फटीत चार छोटे गोल उंचवटे दिसतील, दोनाच्या दोन जोड्या. हाच मध्यमेंदूचा माथा. पुढची जोडी नजरेसाठी, मागची कानासाठी. मागून धपकन आवाज झाला की आपण विचार करायच्या आत मान वळते, त्यात या चौघांचा मोठा हात असतो. उजेडात डोळ्याची बाहुली लहान होते, तेही मध्यमेंदूच्याच पट्ट्यातून. माणसात त्याच्याच पोटाशी काळसर पेशींचा पट्टा असतो. त्या पेशी मरत गेल्या की कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स होतो. आणि जागं राहायची यंत्रणाही याच देठातून वर जाते.

हे चार उंचवटे लक्षात ठेवा.

आता पुन्हा पॅरिस, १८६१. बिसेत्र इस्पितळात लेबोर्न्य नावाचा रुग्ण वीसेक वर्षं पडून होता. त्याला समजायचं बरंच, पण बोलताना एकच अक्षर निघायचं, 'तां'. पोल ब्रोका या सर्जनने तो एप्रिलमध्ये वारल्यावर मेंदू उघडला. डाव्या बाजूला, कपाळामागच्या तिसऱ्या वळीच्या आसपास मोठी इजा. पुढे तसेच आणखी रुग्ण पाहून ब्रोकाने सांगितलं की बोलण्याचं केंद्र बहुतेकांत डावीकडे असतं. बघा फरक. गॉलनेही भाषेची जागा पुढेच सांगितली होती, पण डोळ्यांवरून. ब्रोकाने आधी जिवंतपणी काय बिघडलंय ते नोंदवलं, मग आत पाहिलं, आणि एकावर न थांबता दुसरा, तिसरा तपासला.

१८७० मध्ये बर्लिनला फ्रिट्श आणि हिट्झिग या दोघांनी कुत्र्याच्या मोठ्या मेंदूला विजेचा अगदी सौम्य झटका दिला. एका जागी दिला की समोरचा पाय हलला, जरा बाजूला दिला की मागचा. आणि डावीकडे दिला की उजवा. प्रयोगशाळेत सोय नव्हती म्हणून हे काम हिट्झिगच्या घरात झालं (बायको काय म्हणाली असेल देव जाणे). मग इंग्लंडमध्ये डेव्हिड फेरियरने माकडांवर तपशिलात नकाशा केला. १८८१ च्या लंडनच्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत त्याने ज्या माकडाच्या मेंदूचा हालचालींचा भाग काढला होता ते सगळ्यांसमोर आणलं. पक्षाघात झालेल्या म्हाताऱ्यासारखं एक अंग ओढत ते चाललं. ते बघून मेंदूत विभाग असतात की नाही हा वाद बराचसा मिटला. पण प्राण्यांवरच्या प्रयोगांना विरोध करणाऱ्यांनी त्याच वर्षी फेरियरवर खटला भरला, १८७६ च्या कायद्याखाली. परवाना त्याच्या सहकाऱ्याच्या नावावर होता आणि शस्त्रक्रियाही त्यानेच केली होती, म्हणून फेरियर सुटला. मला फेरियरचं काम थोर वाटतं, आणि खटला भरणारेही मूर्ख वाटत नाहीत. दोन्ही एकदम वाटू शकतं.

या सगळ्यातून सस्तन प्राण्यांबद्दल एक गोष्ट पक्की झाली. उंदीर, कुत्रा, माकड, माणूस: आराखडा एकच. मोठ्या मेंदूची साल सगळ्यांत प्रामुख्याने सहा थरांची. फरक आहे तो जागेच्या वाटपाचा. उंदराला मिशा महत्त्वाच्या, तर त्याच्या मेंदूत एकेका मिशीसाठी पेशींचा वेगळा पुंजका असतो. १९७० मध्ये तो सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला गेला. माणसात हात, ओठ आणि जीभ यांनी अशीच भरपूर जागा अडवलीय. आणि आकारावरून अक्कल काढायची तर हत्तीपुढे आपण कोण? आपला मेंदू साधारण तेराशे-चौदाशे ग्रॅम, हत्तीचा पाच किलोच्या घरात. पेशी मोजल्या तेव्हा हत्तीत अडीचशे अब्जांहून जास्त निघाल्या, माणसात ८६ अब्ज. मात्र हत्तीच्या ९७-९८ टक्के पेशी लहान मेंदूत. मोठ्या मेंदूच्या सालीत जेमतेम साडेपाच अब्ज, तर आपल्या सालीत सोळा अब्ज.

खेदाची गोष्ट, ज्या ब्रोकाने भाषेचं केंद्र शोधलं तोच पुढे मेंदूंची वजनं करून बायका पुरुषांपेक्षा आणि काळे गोऱ्यांपेक्षा कमी कसे हे मांडत राहिला. पद्धत माहीत असून तिथे ती वापरली नाही. आपल्याकडे हा मोजपट्टीचा सोस रिस्लेने आणला. १९०१ च्या जनगणनेचा हा प्रमुख नाकाच्या रुंदीवरून जातीची पायरी ठरवू पाहत होता. त्याला आपल्या माणसांनी त्याच्याच मापांनी गाठलं. मुंबई विद्यापीठाचे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ च्या पुस्तकात ती मापं पुन्हा तपासली. आणि बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये तीच मापं पुढे ठेवून विचारलं: हे शास्त्र खरं मानायचं असेल, तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे निघतात, मग तुमचा वंशभेद राहिला कुठे? वकिली युक्तिवाद असावा तर असा.

आता गावात काय चाललंय ते. एका शाळेच्या हॉलमध्ये शिबिर झालं. मुलांच्या दहा बोटांचे ठसे घ्यायचे आणि मेंदूचा कुठला भाग किती टक्के, याचा रंगीत अहवाल द्यायचा. सोबत 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'चा वर्ग, म्हणजे मूल डोळ्यांवर पट्टी बांधून वाचणार. दोन्हींची फी मिळून काही हजारांत. माझी एक जुनी विद्यार्थिनी, आता स्वतः आई आहे, तो अहवाल घेऊन आली. म्हणाली, "सर, ह्याचा डावा मेंदू कमी आलाय, गणित झेपणार नाही म्हणतात." पोरगा आठवीत. तिच्या मागे उभा राहून ऐकत होता. सहामाहीत त्याला गणितात बरे मार्क होते; अहवाल आल्यापासून त्याने वही उघडली नव्हती.

तिला मी जे सांगितलं तेच इथे लिहितो. बोटांच्या रेघा आईच्या पोटात चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत पक्क्या होतात. मेंदूच्या जोडण्या पुढे विशीपर्यंत घडत-मोडत राहतात. त्वचा आणि मेंदू गर्भाच्या एकाच थरातून येतात म्हणून ठशांवरून मेंदू कळतो, असं ते सांगतात. अहो, त्याच थरातून केस आणि नखंही येतात. मग न्हाव्याकडूनच करिअर ठरवून घ्या की! 'डाव्या मेंदूचा' आणि 'उजव्या मेंदूचा' माणूस हेही असंच ताणलेलं. ज्यांच्या दोन अर्धगोलांमधला पूल अपस्मारावर उपाय म्हणून कापला होता, अशा मोजक्या रुग्णांवर रॉजर स्पेरीने काम केलं, १९८१ चं नोबेल त्याला मिळालं. तुमच्या-माझ्या डोक्यात तो पूल शाबूत आहे. गणित करताना दोन्ही बाजू राबतात.

आणि मध्यमेंदू 'सुरू' करणं? जे मूल स्वतःच्या पायांनी त्या हॉलमध्ये चालत आलं, त्याचा मध्यमेंदू सुरूच आहे. तो खरंच बंद पडलेला माणूस बेशुद्ध असतो, त्याला शिबिरात नाही, अतिदक्षता विभागात नेतात. पट्टी बांधून वाचायचं म्हणाल तर नाकाच्या कडेने खाली फट राहते, मूल मान जराशी वर करून तिथून बघतं. पटत नसेल तर पुस्तक त्याच्या कपाळासमोर धरा, किंवा नाकालगतची फट कणकेने बुजवा आणि मग वाचायला सांगा. सगळ्यात वाईट मला काय वाटतं, तर मुलाला आपण बघतोय हे माहीत असतं. टाळ्या पडत असतात, आईचे डोळे भरून आलेले असतात. ते बोलणार कसं?

शाळेच्या मुख्याध्यापकांशी बोललो. ते म्हणाले, हॉल भाड्याने दिला होता, शाळेचा संबंध नाही. पण पत्रकं वर्गात वाटली गेली होती. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक येत्या शनिवारी अकराला आहे. मी लेखी अर्ज दिलाय: असा वर्ग आवारात घ्यायचा असेल तर आधी कपाळासमोर पुस्तक धरून चाचणी, आणि एकाच मुलाचे ठसे दोन वेगळ्या नावांनी देऊन दोन्ही अहवालांची तुलना. पालकांनी यावं. बोकडाचा मेंदू घेऊन येतोय, दुकानदाराला सांगून ठेवलंय.